पाटी, पडदा आणि पंतोजी



आपल्या खेड्यापाड्यांतील प्राथमिक शाळांत गेल्या काही वर्षांत एक नवे साधन येऊन बसले आहे. कोठे तो भिंतीवर टांगलेला मोठा पडदा आहे, कोठे मुलांच्या हाती द्यावयाचा टॅब आहे, तर कोठे केवळ गुरुजींच्या खिशातील मोबाइल आहे. महाराष्ट्रात अनेक गावांनी लोकवर्गणी करून असे पडदे विकत घेतले. पडदा लागला म्हणजे आपली शाळा शहराच्या बरोबरीस आली असे गावकऱ्यांस वाटते. उलट पारावर बसणारी वडीलधारी माणसे मान हलवून म्हणतात की, ह्या चकाकत्या वस्तूने पोरे कामातून जातील. एक पक्ष यंत्रावर भरवसा ठेवतो, दुसरा यंत्राचे भय धरतो; परंतु दोघेही यंत्राविषयीच बोलतात. आमच्या मते खरा प्रश्न कर्तव्याचा आहे. तो असा: लहान मुलास शिकविण्याचे काम एका मनुष्याने आपल्या अंगावर घेतले असता, त्यांतील कोणता भाग त्याने साधनावर सोपवावा, आणि कोणता भाग सोपविला असता तो आपल्या कर्तव्यास चुकतो?

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, शाळेत नवे साधन येणे ही काही आजची गोष्ट नव्हे. आपल्या पूर्वजांची मुले पंतोजींच्या ओसरीवर धुळपाटीवर अक्षरे गिरवीत. म्हणूनच आजही आरंभीच्या शिक्षणास आपण धुळाक्षरे म्हणतो. पुढे दगडी पाटी आली, मग छापील पुस्तक आले. छापलेल्या अक्षराविषयीही लोकांच्या मनात मोठा किंतु होता. मुंबईत गणपत कृष्णाजी ह्यांनी १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले, तेव्हा छपाईच्या शाईत चरबी असेल ह्या भयाने सोवळे लोक त्यास हात लावीनात. म्हणून त्यांनी तुपाची शाई करविली, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. आज त्या भयाचे आपणांस हसू येते. ह्यावरून एक बोध असा की, साधन नवे आहे एवढ्यावरून ते वाईट ठरत नाही. परंतु दुसराही बोध आहे, आणि तो लोक विसरतात: साधन नवे आहे एवढ्यावरून ते चांगलेही ठरत नाही. धुळपाटी जाऊन दगडी पाटी आली, तरी हात धरून अक्षर गिरवून घेणारा कोणीतरी लागलाच.

आता आपल्याच प्रांतातील एक उदाहरण पाहू. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यात परितेवाडी नावाचे लहान गाव आहे. तेथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत श्री. रणजितसिंह डिसले हे २००९ मध्ये शिक्षक म्हणून आले, तेव्हा शाळेची इमारत मोडकळीस आलेली असून ती गुरांचा गोठा व कोठीची खोली ह्यांच्या मध्ये उभी होती. श्री. डिसले ह्यांनी पाठ्यपुस्तकांच्या पानांवर चौकोनी ठिपक्यांची खूण छापण्याची युक्ती काढली. तीस क्यूआर कोड म्हणतात. मोबाइल त्या खुणेवर धरला की त्या धड्याची कविता ऐकू येते, गोष्ट दिसते, किंवा अभ्यासाचे प्रश्न पुढे येतात. ही युक्ती इतकी उपयोगी ठरली की, २०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने अशा खुणा राज्यातील पाठ्यपुस्तकांत घालण्याचे जाहीर केले. ३ डिसेंबर २०२० रोजी श्री. डिसले ह्यांस वार्की फाउंडेशनचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले. त्याची रक्कम १० लक्ष डॉलर होती. तिचा अर्धा भाग त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून देण्याचे त्याच वेळी सांगितले.

ही कीर्ती ऐकून पुष्कळांनी एवढाच अर्थ घेतला की, खूण छापली म्हणजे मूल शिकते. परंतु ती खूण उमटण्यापूर्वी काय झाले होते तेही पाहावे. पारितोषिक देणाऱ्या संस्थेने नमूद केले आहे की, पुस्तकाची भाषा ही मुलांच्या घरची भाषा नव्हती. मुलांची भाषा कानडी होती. म्हणून शिक्षकाने आधी ती भाषा शिकून घेतली, पुस्तके त्या भाषेत आणली, आणि मग त्यांत खुणा घातल्या. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी शिक्षक मुलाच्या दारी गेला, मूल कोठे अडखळते हे त्याने पाहिले, आणि त्या अडखळणाऱ्या पावलास आधार म्हणून साधन शोधले. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी साधन विकत घेतले आणि मग ते कोणाच्या कामी लावावे हे शोधीत बसलो, तर काय होते?

त्याचेही उत्तर अनुभवाने दिलेले आहे. काही वर्षांपूर्वी जगातील प्रत्येक गरीब मुलास एक स्वस्त संगणक द्यावा अशी मोठी चळवळ निघाली होती. आपल्या रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेतही २००७ मध्ये असे संगणक देण्यात आले. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाने ही गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर केली, आणि पुढे ३१९ ग्रामीण शाळांत तिची पद्धतशीर पाहणी झाली. २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले ते असे: मुलांजवळ संगणक पोहोचले, मुलांनी ते वापरले, विचारशक्तीच्या काही सामान्य कसोट्यांत थोडी सुधारणाही दिसली, परंतु गणित व भाषा ह्या विषयांत त्यांची प्रगती वाढल्याचा पुरावा मिळाला नाही. संगणक खोटे नव्हते आणि मुलेही मंद नव्हती. उणीव एवढीच की, वस्तू दिल्याने शिकविणे आपोआप घडत नाही.

आपल्या पैठणविषयी एक कथा लहानथोरांस ठाऊक आहे. ज्ञानेश्वरांनी गोदेच्या घाटावर रेड्याच्या मस्तकी हात ठेविला आणि त्याच्या मुखातून वेद निघाले. ह्या कथेचे नाना अर्थ लोक लावतात. त्यांत आम्ही पडत नाही. परंतु कथा सांगणारा कोणीही असे म्हणत नाही की, त्या दिवशी रेडा वेद शिकला. मुखातून शब्द निघणे एक, आणि शब्दाचा अर्थ अंतःकरणात उतरणे दुसरे. पडद्यावरील गोड आवाजामागून पन्नास मुलांनी कविता घडाघडा म्हटली म्हणजे पाहुणे टाळ्या वाजवितात. पण ती मुले शिकली की नाही हे कळण्यास कोणीतरी एकेका मुलाजवळ बसून, "बाळ, ह्या ओळीचा अर्थ तुझ्या शब्दांत सांग," असे विचारावे लागते. आणि उत्तर चुकले तर ते का चुकले हे मुलाच्या तोंडाकडे पाहून ओळखावे लागते. हातच्याची बेरीज चुकणारी दोन मुले घ्या. एकास हातचा म्हणजे काय हेच कळलेले नाही. दुसऱ्यास ते कळले आहे, पण सकाळपासून त्याच्या पोटात काही नाही. दोघांच्या पाटीवर उत्तर सारखेच चुकीचे दिसते. यंत्र दोघांच्याही उत्तरावर एकच लाल खूण करील. दोघांतील भेद जाणणारा तो शिक्षक.

येथे कोणी आक्षेप घेईल की, "हे चांगल्या शिक्षकाविषयी झाले. पण जेथे शिक्षकच पुरेसे नाहीत, किंवा आहेत ते कसेबसे शिकवितात, तेथे यंत्र बरे नव्हे काय?" हा आक्षेप खोटा नाही, आणि तो आपण आदराने ऐकला पाहिजे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे साठपर्यंत मुले असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक असतात. म्हणजे पहिली ते चौथीच्या चार वर्गांस दोन माणसे; प्रत्येकास एकाच वेळी दोन वर्ग सांभाळावे लागतात. अशा ठिकाणी तिसरीची मुले पडद्यावर नकाशा पाहात असताना गुरुजी पहिलीच्या मुलांजवळ बसून अक्षरे गिरवून घेऊ शकतात. इंग्रजी शब्दाचा उच्चार ज्या शिक्षकाच्या जिभेवर बसलेला नाही, तो मुलांस शुद्ध उच्चार ऐकवू शकतो. ज्या मुलास डोळ्यांनी कमी दिसते त्यास धडा कानांनी मिळू शकतो. मराठवाड्यातील तांड्यांवरील मूल घरी गोरमाटी बोलते; पुस्तकातील मराठी त्यास पहिल्या दिवशी परकीच असते. त्याच्या बोलीतील गोष्ट आधी ऐकवून मग मराठीकडे नेता आले तर केवढा लाभ! हे सर्व उपयोग आम्हांस मान्य आहेत. परंतु पाहा, ह्या प्रत्येक उदाहरणात साधनाने शिक्षकाचा वेळ वाचविला आणि तो वेळ एखाद्या मुलाच्या पदरी पडला. तो वेळ मुलाच्या पदरी न पडता, पडदा चालू करून गुरुजी खुर्चीवर विसावले, तर त्याच साधनाने मुलाची चोरी केली असे म्हणावे लागेल.

दुसरी एक गोष्ट न्यायाची आहे. साधन कोणापर्यंत पोहोचते? मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या, आणि आपल्या राज्यातील खेड्यांत पहिली ते चौथीचे वर्ग पुन्हा भरण्यास डिसेंबर २०२१ उजाडला. ह्या काळात मोबाइल हीच शाळा झाली. 'असर' ह्या पाहणीवरून दिसते की, शाळेत जाणाऱ्या ग्रामीण मुलांपैकी घरी स्मार्टफोन असणाऱ्यांचे प्रमाण देशभरात २०१८ मध्ये शेकडा ३६.५ होते, ते २०२१ मध्ये शेकडा ६७.६ झाले. आईबापांनी कोठून पैसा उभा केला असेल ह्याची कल्पना आपल्या वाचकांस सांगावयास नको. तथापि त्याच पाहणीत असेही आढळले की, घरी स्मार्टफोन असूनही शेकडा २६ मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी येतच नव्हता. घरात यंत्र एक, मुले तीन. आणि यंत्र बापाबरोबर कामावर गेलेले. त्याच दिवसांत सोलापूर शहरातील नीलमनगर ह्या कामगारवस्तीत शिक्षकांनी निराळा उपाय केला. त्यांनी २५० ते ३०० घरांच्या बाहेरील भिंतींवर धडे रंगवून काढले. ज्याच्या घरी मोबाइल नव्हता त्या मुलासही येताजाता अक्षरे, अंक व व्याकरण दिसू लागले. वाचकहो, भिंत हे काही नवे साधन नव्हे. परंतु जो सर्वांत मागे राहिला त्याचा विचार करून ती निवडली होती, म्हणून त्या काळी अनेक मुलांस ती महागड्या यंत्राहून अधिक उपयोगी पडली.

आता आपल्या घरापाशीच या. पैठण तालुक्यातून व शेजारच्या बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास किती कुटुंबे ऊसतोडीस निघतात हे आपण दरवर्षी पाहतो. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. आणि त्या कोयत्याबरोबर मुलेही जातात. पाच-सहा महिने ती कोप्यांत राहतात. मोठी बहीण धाकट्या भावास सांभाळते, पाणी आणते, भाकरी थापते. ह्या मुलांसाठी सरकारने शिक्षण हमी पत्रक काढले आहे, म्हणजे जेथे जातील तेथील शाळेने त्यांस बसवून घ्यावे. आणि जी मुले आजीआजोबांजवळ मागे राहतील त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. परंतु पत्रक खिशात असले तरी फडापासून शाळा लांब असते, आणि परक्या गावच्या वर्गात ते मूल मागच्या रांगेत मुके बसते.

ह्या ठिकाणी मात्र मोबाइल खरोखर कामास येऊ शकतो. पुस्तके गावी राहिली, पाटी फुटली, तरी बापाचा मोबाइल कोपीपर्यंत जातोच. गावच्या शिक्षकाने आठवड्यातून दोन वेळा रात्री, गाड्या भरून झाल्यावर, त्यावर बोलावे, "बाई, काल कोणती गोष्ट वाचलीस? मला वाचून दाखीव," असे म्हणावे; एखादे गणित सांगावे; आणि शेवटी वर्गातील सोबत्यांची खुशाली कळवावी. ह्यात पाच-सात मिनिटांहून अधिक वेळ जात नाही. पण त्या मुलीस कळते की, माझे नाव पटावर आहे आणि माझी वाट पाहणारा कोणी आहे. तेच त्या शिक्षकाने तीस व्हिडिओ एकदम पाठवून दिले आणि "मी अभ्यास पाठविला" असे वहीत लिहून ठेवले, तर कागदावर काम पुरे झाले आणि मूल जेथल्या तेथे राहिले. यंत्र तेच, तारही तीच. एकात मुलीकडे तोंड आहे, दुसऱ्यात पाठ आहे.

आमचे सर्व म्हणणे ह्या एका वाक्यात आहे: ज्या साधनाने शिक्षकाचे तोंड मुलाकडे वळते ते चांगले, आणि ज्याने त्याची पाठ मुलाकडे होते ते वाईट, मग त्याची किंमत काहीही असो.

हे बोलताना शिक्षकांवरच सर्व भार टाकणे अन्यायाचे होईल. कारण शाळेत एक दुसराही पडदा आहे आणि तो मुलांसाठी नाही. २०१५ पासून 'सरल' नावाच्या प्रणालीत विद्यार्थ्यांची माहिती भरावी लागते. पोषण आहार किती मुलांनी घेतला ह्याचा आकडा रोज मोबाइलवर कळवावा लागतो. कार्यक्रम झाला की छायाचित्रे पाठवावी लागतात. ही माहिती निरुपयोगी आहे असे आमचे म्हणणे नाही. पोरांच्या तोंडचा घास कोणी खाऊ नये म्हणून हिशेब हवाच. परंतु दोनशिक्षकी शाळेत एक शिक्षक तासन् तास तारेची वाट पाहत आकडे भरीत बसला, तर त्या वेळी दोन वर्गांस शिक्षक नसतो, हे हिशेब मागणारांनी जाणावे. मुलांसाठी पडदा देणाऱ्या हातानेच शिक्षकाचे डोळे दुसऱ्या पडद्याला बांधून ठेवले, तर एका हाताने दिलेले दुसऱ्याने काढून घेतल्यासारखे होते.

जगातील शहाणे लोकही आता ह्याच विचारावर येत आहेत. युनेस्को ह्या संस्थेने २०२३ मध्ये शिक्षणातील यंत्रसाधनांवर मोठा अहवाल प्रसिद्ध केला. त्याचा रोख असा की, शिकण्यास मदत होत असेल तेव्हाच साधन वापरावे, आणि माणसामाणसांतील संबंधाची जागा त्याने घेऊ नये. स्वीडन हा देश शाळांत पडदे आणण्यात पुढे होता. त्याच्या सरकारने २०२३ मध्ये छापील पुस्तके पुन्हा वाढविण्यासाठी ६८.५ कोटी क्रोनर नेमले. ह्यावरून कोणी असे म्हणू नये की, "पाहा, श्रीमंतांनी टाकले, मग आपणही टाकावे." श्रीमंत देशातील मुलाच्या घरी पुस्तकांचे कपाट असते, आपल्या कित्येक मुलांच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज छापील कागदच नसतो. ज्याच्या घरी काहीच नाही त्यास एक गोष्ट ऐकविणारे साधन मिळाले तर ते हिरावून घेऊ नये. दुसऱ्याने घेतले म्हणून घेऊ नये, आणि दुसऱ्याने टाकले म्हणून टाकू नये. आपल्या मुलाची गरज पाहून निवाडा करावा.

तर मग, शिक्षकहो, नवे साधन हाती घेण्यापूर्वी स्वतःस तीन प्रश्न विचारावे. पहिला: माझ्या वर्गातील कोणत्या मुलाची कोणती अडचण ह्याने दूर होणार आहे? त्या मुलाचे नाव सांगता येत नसेल तर साधन अजून बाजूस ठेवावे. दुसरा: वर्गात जो सर्वांत मागे आहे, ज्याच्या घरी वीज व मोबाइल नाही, तो ह्याने आणखी मागे तर पडणार नाही ना? तिसरा: ह्याने माझे जे श्रम वाचतील, ते मी कोणाला देणार?

आणि आईबापहो, आपणांसही काही म्हणावयाचे आहे. शाळेत पडदा आहे की नाही हे अवश्य विचारा, पण त्याआधी, "माझे मूल कोठे अडते आहे?" हे गुरुजींस विचारा. जो शिक्षक ह्या प्रश्नाचे उत्तर न अडखळता देतो, त्याच्या हाती पडदा असला तर उत्तमच, आणि नुसता खडू असला तरी तुमचे मूल चांगल्या हाती आहे. मुलास मोबाइल देत असाल तर थोडा वेळ त्याच्याजवळ बसा. तुम्हांस वाचता येत नसले तरी चिंता नाही; "काय पाहतोस ते मला सांग," एवढे म्हणता येते. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या चौदा ते सोळा वर्षांच्या ग्रामीण मुलांपैकी शेकडा ५७ मुलांनी मागील आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता, आणि शेकडा ७६ मुलांनी समाजमाध्यमांसाठी. हा आकडा ऐकून मुलास मारू नका. साधन त्याच्या हाती कोणी दिले आणि मग उठून कोण निघून गेले, ह्याचा आधी विचार करा.

येत्या काळात ह्याहूनही चतुर यंत्रे येतील. काही आलीच आहेत, जी विचारलेल्या प्रश्नास मनुष्यासारखे उत्तर देतात. त्यांचे भय धरू नये आणि त्यांची पूजाही करू नये. त्यांचा उपयोग करून घ्यावा. परंतु सकाळी हजेरी घेताना एखादे नाव उच्चारल्यावर उत्तर आले नाही, तर थांबून "ही आज का आली नाही?" असे विचारणे, आणि शाळा सुटल्यावर तिच्या घराकडे पावले वळविणे, हे काम कोणाही यंत्रावर सोपविता येणार नाही. जो शिक्षक हे काम आपल्यापाशी ठेवील, त्याने बाकीचे खुशाल साधनांस वाटून द्यावे.